भाड्याचा फ्लॅट दाखवताना: पहिल्या फोनपासून कुलूप लावेपर्यंतची काळजी

रिकामा फ्लॅट, आत दोन माणसं, आणि त्यांतलं एक पूर्ण अनोळखी. घर भाड्याने देताना हे रोज घडतं आणि बहुतेक वेळा काही न होता पार पडतं. त्यामुळेच त्याची सवय होते आणि काळजी सुटते. दुकानात गिऱ्हाईक येतं तेव्हा मध्ये गल्ला असतो, समोर वाहता रस्ता असतो. इथे मध्ये काही नसतं. भेटीची वेळ आणि जागा समोरच्याला आधीच ठाऊक असते, आणि तुम्हीच कुलूप उघडून त्याला आत घेता.

हा लेख मुख्यतः तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे: एकटीने फ्लॅट सांभाळणाऱ्या बायका, मुलगा किंवा मुलगी परदेशी असल्याने त्यांचा फ्लॅट दाखवणारे निवृत्त आईवडील, आणि एजंटाच्या ऑफिसात साइट दाखवायचं काम करणारी तरुण मुलं-मुली. धोकेही तीन प्रकारचे आहेत. एक, फ्लॅटमध्ये गाठून होणारा हल्ला किंवा लूट. दोन, आज नुसती पाहणी आणि चार दिवसांनी चोरी. तीन, माणूस कधी समोर येतच नाही, तो फोनवरून बँक खातं रिकामं करतो. तिन्हींवरचा उपाय एकच: अनोळखी माणूस दारात येईपर्यंत तो अनोळखी राहता कामा नये. म्हणून निम्म्याहून जास्त काम भेटीच्या आधीच उरकायचं असतं.

जाहिरात लिहिताना

जाहिरातीत परिसर, खोल्या, भाडं, डिपॉझिट आणि कधीपासून उपलब्ध एवढं पुरतं. विंग, मजला, फ्लॅट नंबर लिहू नका. “फ्लॅट रिकामा आहे, कधीही येऊन बघा” आणि “मालक परदेशी असतात” ही दोन वाक्यं तर अजिबात नकोत, कारण भाडेकरूपेक्षा चोराला त्यांचा उपयोग जास्त. त्याऐवजी “भेट आधी फोनवर ठरवून” असं लिहा. गेटवर “भाड्याने देणे आहे” अशी पाटी लावलीत तर तिच्यावर फक्त नंबर असावा. नाव नको, आणि बाईचं नाव तर नकोच.

फोटो टाकण्यापूर्वी प्रत्येक फोटो मोठा करून बघा. दारावरची नावाची पाटी, कपाटाला लटकणारी किल्ली, देवघरातली चांदी, मुलांच्या शाळेच्या गणवेशातले फोटो, खिडकीतून दिसणारी ओळखीची इमारत हे सगळं त्यात येतं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाबरोबर “गावी” असंही लिहिलेलं असतं, तेही वाचता येतं. फोटो काढताना कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं तर त्यातली जागेची नोंद निघून जाते, पण तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ती तशीच राहते.

जमल्यास जाहिरातीसाठी वेगळं सिम घ्या. त्या नंबरच्या व्हॉट्सअॅपला कुटुंबाचा फोटो लावू नका, आणि तो नंबर बँक खात्याला जोडलेला नसावा.

पहिला फोन: आठ-दहा मिनिटं जाऊ द्या

फोनवर भाडं किती ते सांगून लगेच “उद्या सहाला या” म्हणणं ही सर्वांत महागात पडणारी घाई. आधी हे विचारा:

– पूर्ण नाव, आणि सध्या कुठल्या भागात राहता?
– ते घर का सोडताय, आणि केव्हा?
– काम कुठे, काय? विद्यार्थी असाल तर कॉलेज कुठलं?
– राहणार किती जण, त्यांचं नातं काय?
– बघायला कोण कोण येणार? नेमके किती जण?

नोकरी करणाऱ्याला कंपनीच्या ईमेलवरून दोन ओळी पाठवायला सांगा. विद्यार्थ्याकडून ओळखपत्राचा फोटो आणि आईवडिलांपैकी एकाचा नंबर घ्या, आणि त्या नंबरवर खरंच बोला. शेवटी म्हणा, “मी पाच मिनिटांत परत फोन करतो,” आणि करा. ज्या नंबरवरून बोलणं झालं तो उचललाच जात नाही, किंवा दुसराच कोणी उचलतो, असं झालं तर तिथेच थांबा. ट्रूकॉलरवर दिसणारं नाव हा पुरावा नाही; ते लोकांनी आपापल्या फोनमध्ये सेव्ह केलेल्या नावांवरूनही बनतं. व्हॉट्सअॅपचा फोटो तर कुणाचाही लावता येतो.

उत्तरं लिहून ठेवा. यांतले दोन प्रश्न प्रत्यक्ष भेटीत सहज पुन्हा विचारायचे आहेत. खरा माणूस तेच उत्तर देतो. बनावट माणसाला आपण फोनवर काय सांगितलं होतं ते आठवावं लागतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आडनाव, धर्म, जात, आहार, कुठल्या राज्याचा, लग्न झालंय की नाही, यांवरून माणूस सुरक्षित आहे की नाही ते कळत नाही. ते निकष लावणं अन्यायाचं आहेच, शिवाय त्यांच्यामुळे लक्ष भलतीकडे जातं: “आपल्यातला” वाटणाऱ्याला काहीच न विचारता दार उघडलं जातं. वरचे प्रश्न सगळ्यांना, त्याच क्रमाने विचारा.

खटकायला हवं ते याला: फोटो बघून घर लगेच पसंत पण भेटीत रस नाही, भाड्यावर एका शब्दाची घासाघीस नाही, आत्ता, आज रात्रीच बघायचं म्हणून घाई, “तुम्ही एकट्याच येणार ना?” अशी चौकशी, नोकरीबद्दल गोलमोल पण घरात लोखंडी कपाट आहे का, शेजारी कोण राहतं, याबद्दल बारीक प्रश्न.

एजंटामार्फत ग्राहक येत असेल तर त्याचं नाव आणि नंबर भेटीआधी मेसेजवर मागा, आणि एजंट स्वतः हजर राहील हे ठरवून घ्या. “पार्टीला थेट पाठवतो” हे मान्य करू नका. एजंटाने महारेराचा (राज्याच्या बांधकाम-प्रकल्प नियामकाचा) नोंदणी क्रमांक दाखवला तरी ती नोंदणी प्रकल्पातल्या घरांच्या खरेदी-विक्रीसाठी असते. भाड्याच्या ग्राहकाची खातरजमा त्यातून होत नाही.

“मी आर्मीतून बोलतोय”

ही फसवणूक इतकी नेमाने होते की तिची पायरीन् पायरी माहीत असायला हवी. जाहिरात टाकल्यावर काही तासांत हिंदीत फोन येतो. बोलणारा लष्करात, सीआरपीएफमध्ये किंवा सीआयएसएफमध्ये असतो आणि त्याची बदली तुमच्या शहरात झालेली असते. ड्यूटीमुळे तो येऊ शकत नाही, पण घर फोटोवरून पसंत आहे. लगेच ओळखपत्र, कँटीन कार्ड, आधार, गणवेशातला फोटो येतो. काही वेळा गणवेश घालून व्हिडिओ कॉलही होतो. गणवेशाबद्दल आपल्या मनात आदर असतो, आणि मालकाला सरकारी पगाराचा भाडेकरू मिळतोय याचा आनंद झालेला असतो. त्या दोन्हींचा इथे फायदा घेतला जातो.

मग डिपॉझिट. “आमच्याकडे पेमेंट ऑफिसच्या खात्यातून होतं, आधी खातं तपासावं लागतं. तुम्ही एक रुपया पाठवा, दोन परत येतील.” दोन रुपये खरंच येतात. विश्वास बसतो. पुढे एक क्यूआर कोड येतो: “हा स्कॅन करून पिन टाका, डिपॉझिट तुमच्या खात्यात जमा होईल.” पिन टाकताच तेवढी रक्कम तुमच्या खात्यातून जाते. तुम्ही घाबरून फोन केलात की उत्तर येतं, “तांत्रिक चूक झाली, परत मिळवायला दुसरा कोड स्कॅन करा,” आणि दुसरी रक्कम जाते. नुकसान याच दुसऱ्या, तिसऱ्या फेरीत वाढतं.

यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कोड स्कॅन करणं आणि पिन टाकणं, दोन्ही पैसे देण्याच्या क्रिया आहेत. पूर्वी याच कामासाठी “पैसे मागण्याची विनंती” पाठवली जायची. व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. आता उरला तो क्यूआर कोड, खोटे जमा झाल्याचे मेसेज, आणि व्हॉट्सअॅपवर येणारी “भाडेकरार फॉर्म” नावाची एपीके, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी, फाइल. ही फाइल फोनमध्ये टाकू नका, आणि कुणाच्याही सांगण्यावरून स्क्रीन शेअर करणारं अॅप उतरवू नका. “चुकून वीस हजार जास्त गेले, तेवढे परत करा” असा फोन आला तर एसएमएस वाचू नका, बँकेच्या अॅपमधली शिल्लक बघा.

खऱ्या जवानालाही घर लागतं, आणि त्याला जरूर द्यावं. तो स्वतः येतो, नाहीतर त्याची पत्नी, भाऊ किंवा शहरातला सहकारी येऊन घर बघून जातो. घर न बघता डिपॉझिट देण्याची घाई त्याला नसते.

पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात पळवली जाण्याआधी ती अडवता आली तरच हाती लागते, म्हणून इथे उशीर परवडत नाही. व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि बँकेला वेगळं कळवा.

वेळ आणि सोबत

भेट उजेडातच ठेवा. डिसेंबरात पुण्या-मुंबईकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे साडेपाचची भेटसुद्धा उशिराची. नोकरदार मंडळी संध्याकाळीच मोकळी असतात हे खरं, पण शनिवार-रविवार सकाळ त्यांनाही असते. सोसायटी जागी असते ती वेळ निवडा: सुट्टीच्या दिवशी अकरा ते एक. दुपारी दोन ते चार टाळा. दारं बंद असतात, जिन्यात चिटपाखरू नसतं.

आमच्या मते सगळ्यांत चांगली पद्धत म्हणजे सगळ्या भेटी एकाच सकाळी, वीस-वीस मिनिटांच्या अंतराने ठेवायच्या. एक कुटुंब बाहेर पडतंय, दुसरं जिन्यात आहे, असं चालू राहिलं की तुम्ही फ्लॅटमध्ये फार वेळ एकटे राहत नाही, आणि आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की आता कुणीतरी येणार आहे. पहिल्या भेटीला मात्र सोबत हवीच.

सोबत म्हणजे शक्यतो माणूस. कुणीच नसेल तर शेजारच्या काकूंना सांगून त्यांचं दार तेवढा वेळ उघडं ठेवायला सांगा. वॉचमनला आधी सांगा, “अकरा वाजता दोघे येतील, साडेअकराला मी खाली आलो नाही तर बेल वाजव.” घरच्या एका माणसाला मेसेज करा: पत्ता, वेळ, येणाऱ्याचं नाव आणि नंबर, गाडीचा नंबर कळल्यावर तोही. व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास पाठवता येतं. एक तासाचं पाठवा. आणि त्या माणसाने किती वाजता फोन करायचा तेही ठरवा. नुसतं लोकेशन पाठवून भागत नाही, ते बघणारं आणि वेळ टळली की हालचाल करणारं कुणीतरी हवं.

लंडनमध्ये २८ जुलै १९८६ रोजी सुझी लॅम्प्लू ही पंचवीस वर्षांची इस्टेट एजंट दुपारी फुलहॅम भागातलं एक घर दाखवायला गेली आणि परत आली नाही. ती आजवर सापडलेली नाही. तिच्या डायरीत वेळ, घराचा पत्ता आणि “मिस्टर किपर” एवढीच नोंद होती. हा किपर कोण, ते कधीच कळलं नाही. तिच्या पालकांनी पुढे तिच्या नावाने वैयक्तिक सुरक्षिततेसाठी संस्था उभी केली. नुसतं नाव लिहून ठेवणं का पुरत नाही, ते या एका नोंदीवरून समजतं. खातरजमा केलेला फोन नंबर, ओळखपत्र आणि परत येण्याची वेळ ही नोंद नावाइतकीच गरजेची.

फ्लॅटची तयारी

ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी पोहोचा. मेन स्विच आणि एमसीबी चालू करून सगळे दिवे लावा, पडदे सरकवा, खिडक्या उघडा. वीज तोडलेली असेल तर तो फ्लॅट दिवसा उजेडीच दाखवायचा, ढगाळ दिवशीही नाही. प्रत्येक खोलीत फोनला रेंज आहे का बघा. आतल्या बाथरूममध्ये आणि तळघराच्या पार्किंगमध्ये ती अनेकदा नसते.

दाराकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटना बाहेरून आल्ड्रॉप, म्हणजे कुलूप लावायचा सरकता दांडा, असतो आणि आतून लॅच. बाहेरचा आल्ड्रॉप कुणीही सरकवून तुम्हाला आत कोंडू शकतो. त्यामुळे कुलूप बाहेर लटकतं ठेवू नका, किल्लीसकट आत तुमच्या खिशात घ्या, आणि आल्ड्रॉपचा दांडा मागे सरकवून केबल टायने किंवा जाड सुतळीने बांधून ठेवा. लॅचचं दार वाऱ्याने आपटलं की आपोआप बंद होतं, आणि बाहेरून मदतीला येणाऱ्याला ते किल्लीशिवाय उघडत नाही. लॅचला जीभ आत अडकवून ठेवायचं बटण असेल तर ते लावा, आणि दाराखाली रबरी पाचर ठोका. सेफ्टी डोअर असेल तर तेही पूर्ण उघडं. आतल्या खोल्यांच्या दारांनाही अशाच पाचरी लावल्या तर कुणी दार ओढून घेऊ शकत नाही. चार पाचरी पिशवीत मावतात.

मग खोल्यांतून एक फेरी. रंगाऱ्याने विसरलेली पट्टी, लोखंडी रॉड, फुटकी काच, हातोडी, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, सगळं कुलपात किंवा गाडीत. याच फेरीत घराचे धोकेही दिसतात: बाल्कनीचा हलणारा कठडा, उघडी वायर, ओली फरशी, तुटलेलं ग्रिल. बघायला येणाऱ्यांबरोबर लहान मुलं असतात आणि ती सरळ बाल्कनीकडे धावतात. कठडा हलत असेल तर बाल्कनीचं दार कुलूपबंद ठेवून तसं सांगा.

फ्लॅट सामानासकट असेल तर दागिने, पासपोर्ट, चेकबुक, औषधं, लॅपटॉप आणि दाराजवळच्या खुंटीवरच्या जादा किल्ल्या आधी हलवा. जुना भाडेकरू अजून राहत असेल तर ते त्याचं घर आहे. एक दिवस आधी विचारा, तो असताना जा, आणि त्याच्या वस्तूंचे फोटो कुणालाही काढू देऊ नका.

तुमची गाडी तळघरात नको, बाहेर, तोंड रस्त्याकडे करून. फोन पूर्ण चार्ज आणि हातात, पर्समध्ये नाही. मंगळसूत्र किंवा चेन दिसेल अशी घालू नका.

भेट

फ्लॅटच्या दारात भेटू नका, खाली गेटवर भेटा. वॉचमनच्या वहीत नाव, नंबर आणि गाडीचा क्रमांक लिहिला जाऊ दे, किंवा सोसायटीत अॅप असेल तर त्यावर नोंद होऊ दे. मग फोटो असलेलं ओळखपत्र बघा. आधारची प्रत या टप्प्यावर मागून ठेवायची गरज नाही. फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधारही चालतं, किंवा कार्डावरचा क्यूआर कोड आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या अॅपने तपासता येतो. समोरचा बिचकला तर म्हणा, “आमच्या सोसायटीचा नियम आहे, सगळ्यांचंच बघतो.” ठरल्यापेक्षा जास्त माणसं आली असतील तर दोघांनी वर यावं, बाकीच्यांनी खाली थांबावं.

लिफ्टमध्ये एकट्याने अनोळखी माणसाबरोबर जायचं नसेल तर “तुम्ही व्हा पुढे, चौथा मजला, मी आलेच” म्हणून पुढची लिफ्ट घ्या. वॉचमनला बरोबर घेता आलं तर उत्तम.

आत गेल्यावर नियम एकच, पाठ द्यायची नाही. बैठकीत दाराशी उभे राहा आणि हाताने दाखवा: “उजवीकडे स्वयंपाकघर, पुढे दोन बेडरूम, बघून घ्या.” त्यांनी पुढे जायचं, तुम्ही मागून, आणि खोलीच्या उंबऱ्याबाहेर थांबायचं. घराचं कौतुक सांगण्याच्या भरात मालक स्वतः पुढे होऊन कपाटं उघडून दाखवायला लागतो, तिथेच चुकतं. बाथरूम, ड्राय बाल्कनी आणि गच्ची या जागी कधीच आत जायचं नाही, तिथून बाहेर पडायला एकच वाट असते. माळा दाखवायला शिडीवर चढू नका. गीझर, नळ, पंखा चालतो का ते त्यांनाच लावून बघू दे. तुमच्यात आणि त्यांच्यात दोन हातांचं अंतर, आणि तुमच्यात आणि दारात कुणी नाही, एवढं सांभाळलं तर बाकीचं बरंचसं आपोआप जमतं.

दोघे आले आणि एक जण तुम्हाला देखभाल खर्च, पाण्याची वेळ, पार्किंग असं विचारत बैठकीत गुंतवून ठेवतोय आणि दुसरा आत दिसेनासा झालाय, तर बोलणं तोडा. “सगळे एकत्रच बघू या.” सामान असलेल्या घरात चोरी अशीच होते.

“तुम्ही इथेच राहता? एकट्याच? मिस्टर काय करतात?” याला खरं उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर नाही. “घरचे खाली आहेत, येतीलच,” एवढं पुरे. फोटो काढायला परवानगी द्या, पण कुलूप, किल्ली आणि नावाची पाटी नको. तुमच्या फ्लॅटचे फोटो आणि पत्ता घेऊन दुसरीकडे आपल्या नावाने जाहिरात टाकायची आणि लोकांकडून टोकन घ्यायचं, हा प्रकार चालतो. त्यासाठी वीजबिल, मालमत्ता कराची पावती किंवा इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीखताचा उतारा) मागितला जातो. भाडेकरूला मालकी तपासायचा हक्क आहे, ती कागदपत्रं जागेवर दाखवा, पण व्हॉट्सअॅपवर पाठवू नका.

पंधरा-वीस मिनिटांत भेट संपते. भाड्याची बोलणी रिकाम्या फ्लॅटमध्ये बसून करू नका. खाली गेटपाशी किंवा सोसायटीच्या ऑफिसात करा. टोकन रोख घेऊ नका. अंगावर रोकड घेऊन एकट्याने परतायचं नाही.

राहत्या घरातली खोली दाखवताना

वरची खोली, पेइंग गेस्टची खोली किंवा बंगल्यातला तळमजला देणाऱ्यांना धोका जास्त, कारण त्यांचं सगळं घरच समोर येतं. पाटी वाचून “खोली आहे का?” म्हणत कुणी थेट दारात आलं तर सेफ्टी डोअर न उघडता बोला, नंबर द्या, दुसऱ्या दिवसाची वेळ द्या. एकट्या आजी-आजोबांना लुटण्यासाठी ही चौकशीचीच पद्धत वापरली जाते.

यातला कळीचा क्षण पाण्याच्या पेल्याचा. आलेल्याने पाणी मागितलं की आपण सवयीने स्वयंपाकघराकडे वळतो. तेवढ्यात दार आतून लागतं, किंवा कपाट उघडलं जातं. पाणी नाकारायचं कारण नाही. दाराजवळच्या टेबलावर दोन बंद बाटल्या आधीच ठेवा. टॉयलेट वापरू का, फोन चार्ज करू का, यांना मात्र नम्रपणे नाही म्हणा. आणि तुम्हाला त्यांनी दिलेलं पेढा, प्रसाद, थंड पेय काहीही त्या वेळी खाऊ-पिऊ नका. बाजूला ठेवून द्या.

काही खटकलं तर

कारण शोधत बसू नका, निघा. सभ्य सबब आधीच तोंडपाठ असू दे: “खाली सेक्रेटरी बोलावतायत, मी आलेच.” आणि फ्लॅट उघडा टाकून थेट गेटपर्यंत जा. रिकाम्या फ्लॅटसाठी जीव धोक्यात घालायचा नसतो. तो कुणी उचलून नेत नाही.

घरच्या माणसाशी एक खुणेचं वाक्य ठरवा. “निळी फाइल घरीच राहिली का?” असा फोन आला की त्याने प्रश्न न विचारता वॉचमनला फोन करायचा आणि ११२ लावायचा. तुमच्या फोनमध्ये आपत्कालीन एसओएसची सोय असते. बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण भराभर पाच वेळा दाबून ती चालू होते. पण सेटिंगमध्ये जाऊन ती आधी सुरू करावी लागते आणि नंबर भरावे लागतात. हे आज करून ठेवा.

कुणी पर्स किंवा चेन मागितली तर द्या. वाट अडवली तर मोठ्याने, शेजाऱ्याचं नाव घेऊन ओरडा; “वाचवा” या शब्दापेक्षा “जोशीकाका, वर या!” ऐकून दार लवकर उघडतं. पेपर स्प्रे जवळ ठेवत असाल तर त्याची मुदत तपासा, आणि लहान बंद खोलीत तो तुमच्याही डोळ्यांत जातो हे ध्यानात असू दे. तो पळायला दोन क्षण मिळावेत म्हणून असतो, भांडायला नाही.

किल्ली

“किल्ली वॉचमनकडे आहे, जाऊन बघून या,” हे आपल्याकडे सर्रास चालतं, आणि यातून मोठं नुकसान होतं. अर्धा तास हातात आलेल्या किल्लीची नक्कल कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे दहा मिनिटांत होते. “फर्निचरची मापं घ्यायची आहेत, तासभर किल्ली द्या” याला उत्तर: मी येतो, माझ्यासमोर घ्या. चार एजंटांना चार किल्ल्या देण्यापेक्षा एकच किल्ली एकाकडे, वहीत सही घेऊन, त्याच दिवशी परत. किल्लीला लावलेल्या बिल्ल्यावर फ्लॅट नंबर लिहू नका.

मंडळी गेल्यावर

जितके आत आले तितके बाहेर पडले का, मोजा. ते गेटबाहेर जाईपर्यंत थांबा, मग वर जाऊन फेरी मारा: प्रत्येक खिडकीची कडी, बाल्कनीचं दार, ड्राय बाल्कनीचं ग्रिल, बाथरूमच्या झडपा. पाहणीच्या निमित्ताने एखादी कडी काढून ठेवायची आणि रात्री डक्टमधून यायचं, हे तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर सहज जमतं. आल्ड्रॉपची सुतळी सोडा, कुलूप लावून ओढून बघा. घरच्या माणसाला “झालं” असा मेसेज करा. वहीत तारीख, नाव, नंबर आणि काही खटकलं असेल तर तेही लिहा. जो नको वाटला त्याचा नंबर एजंटालाही कळवा.

भाडेकरू ठरला की पहिल्याच दिवशी सगळ्या जाहिराती काढा, गेटची पाटी उतरवा. करार लेखी आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ही जबाबदारी मालकाची आहे, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन देता येते. त्याची पोच छापून करारासोबत ठेवा. परदेशी नागरिक असेल तर त्याच्या राहण्याची माहिती देणारा सरकारी फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) चोवीस तासांत भरावा लागतो. आणि राहायला येण्याआधी मुख्य दाराच्या कुलपाचा सिलिंडर बदला. नव्या किल्ल्या मोजून द्या, किती दिल्या ते करारात लिहा, आणि तुमच्याकडची एक कुठे ठेवली आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू दे.